बी कुठं पळून जातंय?

हेडफोन घातलेत ना? आजचा भाग थोडा वेगळा आहे. नेहमी आपण ॲप, करिअर, पगार, स्विच असल्या गोष्टी बोलतो. आज बियांबद्दल बोलायचंय. रानफुलांच्या बियांबद्दल. आणि हो, यात एक चूक आहे, ती माझी आहे, आणि ती पूर्ण दुरुस्त झालेली नाही. म्हणून सांगतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी बीटेक, सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळ सांगोल्याची. सध्या दक्षिण इंग्लंडमध्ये राहते, गॅटविक विमानतळापासून फार लांब नाही. इथं आल्यावर पहिल्या वर्षी माझे शनिवार-रविवार म्हणजे कपडे धुणं आणि घरी व्हिडिओ कॉल. मग कंटाळून शेजारच्या गावातल्या एका गटात जायला लागले. गावाबाहेर एक रिकामं मैदान आहे, तिथं पूर्वीसारखं फुलांचं कुरण परत उभं करायचं, हे त्यांचं काम.

'पूर्वीसारखं' म्हणजे काय? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३० च्या दशकापासून फुलांनी भरलेली जवळपास ९७ टक्के कुरणं गेली. शंभरातली तीन उरली. जमीन नांगरली, खत टाकलं, जोमदार गवत वाढलं आणि फुलं त्याखाली गुदमरली. त्यामुळे जुन्या कुरणाचा एखादा तुकडा कुठं शिल्लक असेल, रस्त्याच्या कडेला, चर्चच्या आवारात, तर तो सोन्यासारखा.

आमच्याकडे असाच एक तुकडा होता. रस्त्याकडेचा एक उतार, फार तर दोन बसगाड्यांएवढा. त्यावर चार फुलं मनापासून यायची. ऑक्स-आय डेझी, म्हणजे पांढरी मोठी डेझी. नॅपवीड, जांभळं. काउस्लिप, पिवळ्या घंटांचा घोस. आणि चौथं यलो रॅटल. हे वाळलं की त्याच्या बोंडात बी खुळखुळ वाजतं. आपल्याकडे घागरीला खुळखुळा म्हणतात ना, तसंच. झाड वेगळं, आवाज तोच.

हा यलो रॅटल सगळ्यात महत्त्वाचा. कारण तो अर्धा परजीवी आहे. स्वतः हिरवा असतो, पण मुळं गवताच्या मुळांना चिकटवतो आणि पाणी, अन्नद्रव्यं ओढून घेतो. गवताचा जोर कमी होतो आणि बाकीच्या फुलांना जागा मिळते. कुरण परत आणायचं तर आधी हा आणावा लागतो. आणि तो आहे एकवर्षायू. दरवर्षी बीपासून नव्यानं उगवतो. एखाद्या वर्षी बी पडलं नाही की खेळ खलास.

२०२२ च्या जुलैमध्ये आम्ही जागामालकाची परवानगी घेऊन त्या उतारावरून बी गोळा केलं. कागदी पिशव्यांमध्ये. आमच्या गटाच्या प्रमुख म्हणजे सत्तरीच्या एक निवृत्त शिक्षिका. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण माझ्या तोंडी त्यांच्यासाठी 'बाई' हेच बसलंय. बाई म्हणाल्या, "तू तरुण आहेस, नीटनेटकी आहेस, बी तुझ्याकडे ठेव. ऑक्टोबरमध्ये पेरू."

मी पिशव्या घरी आणल्या. एका प्लास्टिकच्या डब्यात घातल्या, झाकण घट्ट लावलं आणि डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवला. शेजारी बॉयलर. खाली शेगडी, रोज कुकरच्या तीन शिट्ट्या.

ऑक्टोबर आला. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात होती आणि माझी तिकिटं काढलेली होती. मी बाईंना म्हणाले, "आल्यावर बघू, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये टाकू. बी कुठं पळून जातंय?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रस्त्याच्या कामासाठी तो उतार खणला गेला. कुणाचं काम, कुणाची परवानगी, त्यात मी जात नाही. शनिवारी आम्ही गेलो तर तिथं चिखल आणि पाइप. बाई बराच वेळ गप्प उभ्या होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं, बी तुझ्याकडे आहे."

म्हणजे आता त्या जागेचं जे काही जगात शिल्लक होतं, ते माझ्या कुकरच्या वर होतं.

एप्रिलमध्ये आम्ही अर्धं बी मैदानाच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात पेरलं. अर्धं राखून ठेवलं, ही बाईंची अक्कल, माझी नाही. डेझी आली. भरपूर आली. नॅपवीडही आलं. काउस्लिप एकही नाही. यलो रॅटल एकही नाही. मे गेला, जून गेला. मी ऑफिसला जाताना रोज वाट वाकडी करून बघायचे. काही नाही.

आता इंजिनिअर माणूस काय करतो? लॉग बघतो. इथं लॉग नव्हता, म्हणून वाचायला बसले. आणि आमच्या इथून जवळच वेकहर्स्ट आहे. क्यू गार्डन्सची मिलेनियम सीड बँक तिथं आहे, २००० साली सुरू झालेली. जगभरातल्या जवळपास ४०,००० प्रजातींच्या २०० कोटींहून जास्त बिया तिथं जमिनीखालच्या थंड तिजोरीत आहेत. तिथं सामान्य माणसाला जाता येतं, काचेतून प्रयोगशाळा दिसतात. मी तिकीट काढून गेले आणि काचेला नाक लावून उभी राहिले. आपण काय करायला हवं होतं ते समोर दिसत होतं.

तिथं बी आलं की आधी साफ होतं. मग सुकवण्याच्या खोलीत जातं. खोलीचं तापमान १५ अंश आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. तिथं बी हळूहळू सुकतं. मग हवाबंद डब्यात, आणि मग उणे २० अंशाला. क्रम लक्षात घ्या: आधी सुकवणं, मग हवाबंद, मग थंड. हा क्रम उलटा केला तर बी मरतं. ओलं बी फ्रीजरमध्ये टाकलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि पेशी फाटतात. ओलं बी हवाबंद केलं तर त्याचा ओलावा आतच कोंडतो, बुरशी येते.

मी काय केलं होतं? जुलैमधलं ताजं बी, अर्धवट ओलं, थेट प्लास्टिकच्या डब्यात. आणि वर ऊब.

एक नियम सांगते, तुम्हाला मजा येईल. जेम्स हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम आहे. बीमधला ओलावा १ टक्क्यानं कमी केला की बीचं आयुष्य दुप्पट होतं. साठवणीचं तापमान ५ अंशांनी कमी केलं की परत दुप्पट. साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या दरम्यान हा चालतो. आता हिशेब करा. ओलावा १२ टक्क्यांवरून ६ वर आणला: सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. तापमान २५ अंशांवरून ५ वर आणलं, म्हणजे साध्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवलं: चार वेळा दुप्पट, १६ पट. ६४ गुणिले १६?

१०२४. बरोबर. दोनाचा दहावा घात. कोडिंगवाली मंडळी आत्ता हसली असतील. मी मात्र हसले नाही, कारण हेच गणित उलटंही चालतं. बॉयलरच्या उबेत, कुकरच्या वाफेत, मी दर पाच अंशांमागे त्या बियांचं आयुष्य निम्मं करत होते.

आता तुम्ही म्हणाल, तू सांगोल्याची, घरात बी ठेवताना लहानपणापासून बघितलंस, तुला कळत नव्हतं? खरं सांगू, तेच नडलं. आमची आजी हुलगा, मटकी, ज्वारीचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवायची, तोंड शेणामातीनं लिंपायची. मडकं अंधाऱ्या खोलीत, झालं. पुढच्या पावसाला बी तयार. मला एवढंच आठवत होतं: बी भांड्यात घालून तोंड बंद केलं की टिकतं.

पण आजी त्याआधी काय करायची, ते मी विसरले होते. चैत्र-वैशाखात ते बी अंगणात कितीतरी दिवस वाळत पडलेलं असायचं. सांगोल्याचा उन्हाळा म्हणजे हवेत पाणीच नाही. दाताखाली धरला तर दाणा कट्कन फुटायचा, तेव्हा कुठं ती म्हणायची, "आता भर." म्हणजे तिची सुकवण्याची खोली म्हणजे अख्खं अंगण होतं. राख कीड आवरायची आणि उरलासुरला ओलावा धरायची. मी आजीची फक्त शेवटची पायरी कॉपी-पेस्ट केली, तीही दमट इंग्लंडमध्ये. इथं बी नुसतं टेबलावर ठेवलं तर ते हवेतला ओलावा उलट पिऊन घेतं.

बरं, इथपर्यंत साधी गोष्ट वाटते: वाईट साठवण, बी मेलं. पण तसं असतं तर काउस्लिप आणि रॅटल दोन्ही मेले म्हणायचे. आणि डेझी का आली मग? डबा तोच, महिने तेच.

इथं मला या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली. बी न उगवण्याची दोन वेगळी कारणं असतात. एक, बी मेलेलं आहे. दोन, बी जिवंत आहे, पण झोपलेलं आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

झोपेचेही प्रकार आहेत. क्लोव्हरसारख्या शेंगवर्गीय बियांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरत नाही. त्यांना सँडपेपरवर घासावं लागतं. काहींना थंडी हवी असते. काउस्लिप आणि रॅटल यांना ओल्या मातीत कित्येक आठवडे गारठा लागतो. हिवाळा येऊन गेला याची खात्री पटल्याशिवाय ते उठतच नाहीत. साहजिक आहे. ऑगस्टमध्ये उगवलं तर डिसेंबरमध्ये कोवळं रोप मरेल. ऑस्ट्रेलियात तर वणव्याच्या धुरानं जागी होणारी बी आहेत. त्या धुरातलं नेमकं रसायन २००४ मध्ये सापडलं, आणि धुराला तिथल्या नूंगार लोकांच्या भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याला कॅरिकिन असं नाव दिलं.

आणि गंमत बघा. साठवणीचा या झोपेवरही परिणाम होतो. काही बियांची झोप कोरड्या, उबदार जागेत काही महिने राहिल्यावर आपोआप उतरते. पण तेच बी ताजं असताना सुकवून उणे २० ला टाकलं, तर ही क्रिया जवळपास थांबते. आयुष्य वाढतं आणि झोपही तशीच राहते. म्हणजे बँकेतून बी बाहेर काढून थेट मैदानात फेकलं, तर जिवंत असूनही न उगवण्याची शक्यता असते. म्हणून चांगली बीज बँक नुसतं साठवत नाही. थोडं बी काढून, योग्य गारवा, ऊब, उजेड देऊन उगवून बघते. काही वर्षांनी परत उगवून बघते. प्रत्येक प्रजातीची झोपमोड कशी करायची, हे लिहून ठेवते.

आपल्या भाषेत सांगायचं तर, रिस्टोअर करून न बघितलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. हे वाक्य मी ऑफिसात ज्युनियर मुलांना दहा वेळा ऐकवलंय. घरी मात्र डब्याचं झाकण उघडून एकदाही बघितलं नाही.

आणखी एक. सगळी बी सारखी टिकत नाहीत. क्यूच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये १९५ प्रजातींची तुलना केली होती. उष्ण, कोरड्या प्रदेशातली बी साधारणपणे जास्त टिकतात, थंड, ओल्या प्रदेशातली कमी. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. मिशिगनमध्ये १८७९ साली विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी बाटल्यांमध्ये वाळू आणि बी घालून पुरून ठेवलं. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, १४२ वर्षांनी, आणि त्यातलं मुलेनचं बी उगवलं! आणि आपला आंबा, फणस, जांभूळ यांचं बी सुकवलं की मरतंच. त्यांना नेहमीची बीज बँक चालत नाही.

यलो रॅटल कुठं बसतो? बँकेच्या शिस्तीत नीट राहतो. पण घरच्या कपाटात लवकर मरतो, मातीतही वर्षानुवर्षं पडून राहत नाही. म्हणून इथले जाणकार एकच सांगतात: यंदाचं बी यंदाच्याच शरद ऋतूत पेरा. बाईंनी ऑक्टोबर उगीच म्हटलं नव्हतं.

तर २०२३ चा सप्टेंबर. उरलेलं अर्धं बी टेबलावर. प्रश्न असा: आत्ता पेरायचं, की आधी तपासायचं? रॅटलची तपासणी म्हणजे फ्रिजमध्ये तीन-चार महिने. तोवर पेरणीचा हंगाम जाणार, आणि आणखी एक वर्ष थांबलं तर उरलेलंही मरणार. मी म्हणाले, आधी डेटा घेऊ. बाई म्हणाल्या, "डेटा येईपर्यंत बी थांबणार नाही. पन्नास दाणे तू घे. बाकीचं जमिनीला देऊ."

ऑक्टोबरमध्ये पश्चिमेकडच्या पट्ट्यात गवत अगदी मातीपर्यंत कापलं, दाताळ्यानं माती उघडी केली आणि सगळं पेरलं. पन्नास दाणे मी ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये ठेवले. दह्याच्या शेजारी. दर रविवारी उघडून बघायचे. नोव्हेंबर, काही नाही. डिसेंबर, काही नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका दाण्यातून पांढरं मूळ बाहेर आलेलं दिसलं. मी रात्री साडेअकराला बाईंना फोन केला. त्या झोपल्या होत्या. रागावल्या नाहीत.

शेवटी पन्नासातले सहा उगवले. बाकीचे दाबले तर मऊ, आतून करडे. मेलेले.

२०२४ च्या मे महिन्यात पश्चिमेच्या पट्ट्यात काउस्लिपची भरपूर रोपं आली. म्हणजे ते मेलंच नव्हतं, झोपलं होतं. मी एप्रिलमध्ये पेरून त्याला हिवाळाच दिला नव्हता. यलो रॅटलची रोपं आली अकरा. आणि पूर्वेच्या पट्ट्यात, जिथं वर्षापूर्वी सगळं फुकट गेलं असं वाटलं होतं, तिथं एक. तो एक दाणा अख्खं वर्ष मातीत हिवाळ्याची वाट बघत थांबला होता.

बारा रोपं. ऐकायला छान शेवट वाटतो. पण मला तो तसा विकायचा नाही. त्या उतारावर शेकडो रोपं होती. प्रत्येकात थोडा फरक होता: कुणी लवकर फुलणारं, कुणी दुष्काळ सोसणारं. आता पुढचं सगळं कुरण या बारांच्याच पोटचं. आणि हे बारा म्हणजे त्या उतारातले सगळ्यात चांगले असंही नाही. माझ्या कुकरच्या वाफेत टिकले तेवढे हे बारा. खराब साठवण नुसती संख्या कमी करत नाही, कोण उरणार हेही ठरवते. ज्यांचं मूळ ठिकाण गेलंय, त्यांच्या बाबतीत हे परत भरून येत नाही.

मी बाईंना सॉरी म्हणाले. खूप उशिरा, पण म्हणाले. त्या म्हणाल्या, "मीही तुला डबा कुठं ठेवलास ते विचारलं नाही." आणि मला दाताळं दिलं.

आता तुमच्या कामाचं. कुणी तुम्हाला रानफुलांचं बी दिलं, किंवा तुमच्या टेकडीवर, शाळेच्या आवारात कुणी असं काम करत असेल, तर पाच गोष्टी.

एक. परवानगीशिवाय बी तोडू नका, आणि मिळाली तरी सगळं ओरबाडू नका. बरंचसं जागेवरच राहू द्या.

दोन. बी आधी कागदी पिशवीत, सावलीत, वाऱ्यावर. प्लास्टिक नाही. महाराष्ट्रात असाल तर पावसाळ्यातली हवा सुकवणीला निरुपयोगी आहे. तेव्हा हवाबंद बरणीत सिलिका जेल ठेवून सुकवा.

तीन. सुकलं का ते बघायला मीठ वापरा. कोरड्या काचेच्या बरणीत थोडं भाजून गार केलेलं मीठ आणि थोडं बी घालून हलवा. थोड्या वेळानं मीठ काचेला चिकटलं तर बी नक्की ओलं आहे. मोकळं राहिलं तरी सिलिका लगेच काढू नका.

चार. सुकल्यावरच हवाबंद, आणि मगच फ्रिज. बरणीवर नाव, जागा, तारीख लिहा. बाहेर काढाल तेव्हा बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर थंड बियांवर दव धरतं.

पाच. पेरण्याआधी विचारा: हे बी जागं कशानं होतं? थंडीनं, घासून, की काहीच न करता? आणि थोडे दाणे उगवून बघा. पण हंगाम निघून जात असेल, तर बाईंचं ऐका.

एवढंच. पुढच्या वेळी कुणाला 'बी कुठं पळून जातंय?' असं म्हणावंसं वाटलं, तर माझी आठवण काढा. पळून नाही जात. जागच्या जागी, आवाज न करता संपतं.

तुमच्या आजीची, आईची बी ठेवायची पद्धत काय होती? कशात घोळायच्या, कधी भरायच्या? व्हॉइस नोट पाठवा, शक्य असेल तर त्यांच्याच आवाजात. पुढच्या एका भागात ऐकवू. आणि शेवटचीच नाही, आधीचीही पायरी विचारून घ्या.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.